वारं पाठीवर घ्यायचं : घाटमाथ्यावरचा छोटा निवारा कसा आखावा

घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी निवारा आखायचा असेल, तर पहिलं काम कागदावरचं नसतं. आषाढात त्या जागेवर जायचं आणि पाऊस चांगला कोसळत असताना तासभर उभं राहायचं. पाऊस कोणत्या बाजूने अंगावर येतो, वारा कुठे वळतो, पायाखालून पाणी कुठे पळतं, हे सगळं त्या तासाभरात कळतं. मी ते केलं नव्हतं, आणि माझ्या पहिल्या निवाऱ्याचे पत्रे त्यापायी गेले.

तो निवारा मी सत्तावीस वर्षांची असताना आखला. अकोले तालुक्यात, डोंगराच्या एका सोंडेच्या अगदी टोकावर, जिथून खाली कोकण दिसतं. जागा डिसेंबरात निवडली होती. हवा स्वच्छ, समोर दरी, वारा म्हणजे नुसती झुळूक. चार खांब, वर छत्रीसारखं छप्पर, चारी बाजू मोकळ्या. दुसऱ्याच पावसाळ्यात छप्पर उडालं. भाद्रपदात वर गेले तेव्हा खांब जागच्या जागी उभे होते आणि पत्रे खाली उतारावर कारवीत अडकले होते. आत कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

तिथे गुरं घेऊन आलेले एक म्हातारे बाबा होते. ते म्हणाले, "ताई, इथं आमची गुरंसुद्धा उभी राहत न्हाईत. वारं पाठीवर घ्यायचं असतं, छातीवर न्हाई." आणि त्यांनी डोक्यावरचं इरलं काढून माझ्या हातात दिलं. बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा, मधे पानांचा दाट थर. पाठीमागे कमरेच्या खाली येईल इतकं लांब, पुढे कपाळापुरतं. पावसाकडे पाठ केली की पुढे दोन्ही हात मोकळे, कोरडे. त्या दिवसापासून मी आखलेला प्रत्येक निवारा म्हणजे ते इरलंच आहे. पुढे जे सांगते आहे, ते सगळं त्यातूनच निघतं.

जागा

घाटमाथा म्हणजे काय हे आकड्यात समजून घ्या. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच तालुक्यात पूर्वेला अकोले शहरापर्यंत आलात की त्याचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा उरतो. म्हणजे पुण्या-नाशकात चाललेला तपशील इथे चालेलच असं धरू नका.

जागा शोधताना आधी गुराख्यांना विचारा, "पावसात गुरं कुठं थांबतात?" प्रत्येक डोंगरावर अशी एखादी गोठण असते. तिथे वारा कमी असतो, जमीन घट्ट असते, पाणी साचत नाही. शिवाय ती जागा पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली असल्यामुळे बांधकामाने नवं काही मरत नाही. मला आजवर मिळालेल्या चांगल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त गोठणीच आहेत.

दुसरी खूण झाडांची. डोंगराच्या धारेवरची अंजनी, जांभळी पाहा. खुरटलेली आणि पूर्वेकडे कललेली असतील, तर तिथे वाऱ्याचा मार्ग आहे. तिथून पूर्वेच्या उतारावर खाली येत राहा. जिथे झाडं सरळ आणि उंच वाढू लागतात, त्या पट्ट्यात निवारा बसतो. पुष्कळदा हे अंतर शंभर-दीडशे पावलांचंच असतं.

कुठे बांधू नये, ते नीट सांगायला हवं, कारण चुका तिथेच होतात. धारेवर नको आणि खिंडीत तर नकोच, कारण खिंड वाऱ्याला नरसाळ्यासारखी आवळते. नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी नको. कड्याच्या पायथ्याशी नको, तिथे वरून दगड येतात आणि कड्याला आग्या मोहोळं असतात. खाली कोणी चूल पेटवली, धूर वर गेला, की माश्या उठल्याच. कड्याच्या काठावरही नको. नाणेघाटात पावसाळ्यात पाणी खाली पडण्याऐवजी उलटं वर उडताना तुम्ही पाहिलं असेल. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून सरळ वर चढतो, आणि जो वारा धबधबा उचलतो तो पत्राही उचलतो. मी काठापासून किमान साठ-सत्तर पावलं आत येते.

सड्यावर बांधू नका, हे मी हात जोडून सांगते. उन्हाळ्यात सडा उघडा, ओसाड कातळ दिसतो आणि "इथे काहीच नाही, इथेच बांधू" असं प्रत्येकाला वाटतं. त्या कातळावरच्या चार बोटं मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू नावाची वनस्पती किडे धरते. कासचं पठार ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एका जोत्याने आणि त्याभोवतीच्या पायांनी तो थर कायमचा जातो. सड्यावरचे सुटे दगडही उचलू नका. त्यांच्याखाली फुरसं असतं, विंचू असतात आणि ती त्यांची घरं आहेत.

पाणवठ्यापासूनही दूर राहा. संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट माणसांच्या गर्दीने अडवायची नसते.

परवानगी

हे थोडक्यात. अभयारण्यात असाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, वनजमीन असेल तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८०, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. गडावर काम असेल तर पडक्या तटाचा, वाड्याच्या जोत्याचा एकही दगड घेऊ नका. कागद हातात येईपर्यंत खड्डा मारायचा नाही. ग्रामसभेत मात्र नकाशा घेऊन जाऊ नका. जमिनीवर चुन्याने आखून दाखवा. लोक त्या चौकोनात उभे राहतात आणि लगेच सांगतात, "इथून पाणी येतं."

आकार

बाहेरून बाहेर ३ मीटर बाय ५ मीटर. याहून मोठा बांधू नका. पंधराएक माणसांनी तासभर जीव सांभाळून थांबावं, एवढंच त्याचं काम आहे. मोठा केलात की तिथे मुक्काम होतो, मुक्काम आला की चूल येते, चुलीमागून लाकूडतोड आणि कचरा.

पश्चिमेला संपूर्ण भिंत. उत्तर-दक्षिणेला त्या भिंतीला जोडून दीड-दीड मीटरचे कान, म्हणजे आखूड भिंती. पूर्व बाजू मोकळी. छप्पर दुपाखी, म्हणजे दोन उतरत्या बाजूंचं, पण पाखी सारख्या नाहीत. मागची पाख लांब, पुढची आखूड, म्हणजे इरल्याचीच ठेवण. जमिनीवरचं माप धरलं तर मागची पाख २.८ मीटर, पुढची १.२ मीटर, दोन्हींना ३० अंशांचा उतार. मागची वळचण जोत्यापासून फक्त १.३ मीटरवर येते, आढं, म्हणजे छपराचा माथा, २.९ मीटरवर, पुढची वळचण २.२ मीटरवर. मागून पाहिलं तर निवारा जमिनीला टेकून बसलेला दिसतो आणि वारा त्याच्यावरून घसरून जातो.

पुढची पाख काढून टाकून एकपाखी छप्पर करावं असं पुष्कळांना वाटतं, पत्राही वाचतो. तसं करू नका. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेचा असतो हे खरं, पण एप्रिल-मेचा वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून चढून येतो. त्या वेळी मोकळी बाजूच तोंडावर असते. ती आखूड पाख वळवासाठी आहे.

पाहुण्यांना दरी बघायची असते आणि दरी पश्चिमेला. प्रत्येक बैठकीत कोणीतरी "मागे मोठी खिडकी ठेवा" म्हणतं. एकदा मी ठेवली. पहिल्याच आठवड्यात बाकावर पाणी. मग उत्तर गडाच्या तटातच सापडलं, जंगी, म्हणजे तटातून मारा करायचं भोक. बाहेर अरुंद, आत रुंद, तळ बाहेरच्या बाजूला उतरता. ४५ सेंटिमीटरच्या भिंतीत बाहेरून १२ सेंटिमीटर आणि आतून ४० सेंटिमीटर रुंद अशा तीन जंग्या ठेवा, मध्य जोत्यापासून १.१५ मीटरवर. बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे नेमके तिथे येतात. बाहेरच्या खाली आलेल्या वळचणीमुळे वरचं आकाश झाकलं जातं आणि नजर सरळ दरीत उतरते. आत येतं ते थोडंसं धुकं. लोक त्या जंगीपाशी उघड्या कड्यापेक्षा जास्त वेळ शांत बसतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

छप्पर उडू नये म्हणून

इथे जरा हिशोब करू, कारण याच हिशोबाअभावी पत्रे जातात. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्या-नाशकाकडे मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. पण ते सपाट जमिनीचं. डोंगरमाथ्यासाठी तो वेग वाढवायचा असतो आणि हा गुणक १.३६ पर्यंत जातो. आपण १.३ धरू. वेग झाला साधारण ५०.७. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,५४० न्यूटन, किलोच्या भाषेत १५७.

वळचणीसकट छप्पर ४ बाय ६, म्हणजे २४ चौरस मीटर. गुणाकार केला की पावणेचार टन. त्यात आपला निवारा मागून बंद, पुढून उघडा. वारा फिरला आणि पुढून आत घुसला, तर तो पत्र्याला खालून ढकलतो आणि त्याच वेळी वरून ओढतो. म्हणून मी दीडपट धरते, पावणेसहा टन. सहा खांब असतील तर प्रत्येक खांबाला साडेनऊशे किलोची वरची ओढ. आणि पत्र्याचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. छप्पर खाली पडेल ही भीती समतल गावातली. इथे ते वर जाईल ही भीती.

मग खाली वजन हवं. दगड घालून केलेलं काँक्रीट घनमीटरला २.३-२.४ टन भरतं. ८० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा भरला की सव्वा टनाच्या जवळ जातो. सहा खांबांना असे सहा खड्डे. खांबाच्या तळाला आडवी पट्टी जोडून ती काँक्रीटमध्ये गाडायची, म्हणजे खांब मुळासारखा धरतो. अंतिम आकडे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्याच. पण हा हिशोब स्वतः एकदा मांडला असेल, तर "एवढा मोठा खड्डा कशाला?" या प्रश्नापुढे तुम्ही ढळत नाही.

वीतभर खाली कातळ लागला तर घणाचा एक ठोका मारून ऐका. खणखणीत आवाज आला तर कातळ एकसंध आहे. मग खड्डा नको, भोकं पाडून त्यात २० मिलिमीटरच्या सळया ग्राऊटमध्ये बसवा. आवाज बद्द आला तर वरचा पापुद्रा सुटलेला आहे. तो काढून पुन्हा ठोका.

खांब आणि वासे गॅल्व्हनाइज्ड पाइपचे. रेड ऑक्साइड लावलेलं साधं लोखंड चार महिने सतत ओल्यात राहिलं की दोन-तीन वर्षांत पापुद्रे धरतं. जोड सगळे नट-बोल्टचे, डोंगरावर वेल्डिंग नाही. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका सांध्यातूनच सुरू होतो. ठिणग्या सुक्या गवतात पडतात, ते वेगळंच. पत्रा किमान ०.६ मिलिमीटर जाड. मधल्या भागात स्क्रू एकाआड एक उंचवट्यावर चालतात, पण चारी कडांना आणि कोपऱ्यांना प्रत्येक उंचवट्यावर एक, खाली रबरी वायसर. वारा पत्रा उचकटतो तो कडेपासूनच. कौलं नकोत, वानरं ती एका मोसमात संपवतात. गवताचं छप्पर मला मनापासून आवडतं, पण फाल्गुनात वणवा आला की त्याची एक ठिणगी पुरते.

पाणी

तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस इथे येतो. २४ चौरस मीटरच्या छपरावर तो तासाला २,४०० लिटर पाणी टाकतो, त्यातलं सत्तर टक्के मागच्या पाखेवरून. पन्हळ लावू नका. पहिल्याच वाऱ्यात ती पाल्याने तुंबते आणि पाणी भिंतीत जातं. पागोळ्या सरळ खाली पडू द्या आणि त्यांच्या रेषेत दोन फूट रुंदीचा दगडांचा पट्टा बसवा, नाहीतर जमीन खणली जाऊन जोतं उघडं पडतं. निवाऱ्याच्या चढाच्या बाजूला चंद्रकोरीसारखा उथळ चर काढा आणि दोन्ही टोकं गवतात सोडून द्या. वाटेवर सोडलीत तर पुढच्या वर्षी वाटेचा ओढा झालेला दिसेल.

बसायला

मागच्या भिंतीलगत दोन फूट रुंद, ४२ सेंटिमीटर उंच बाक. रुंदी मुद्दाम जास्त आहे. पाठीवरची सॅक न काढता बसता येतं, आणि कोणाचा पाय मोडला, कोणाला भोवळ आली, तर आडवं निजवता येतं. वर शहाबादी फरशी. दोन फूट बाय दोन फुटांची, ३० मिलिमीटर जाडीची एक फरशी २८ किलोच्या आसपास भरते, म्हणजे दोघांनी मिळून न्यायचं ओझं. अशा सात फरश्या, सात माणसांची जागा. बाकाखाली पोकळी ठेवू नका आणि भिंतीच्या सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, आतून बाहेरून भरून घ्या. गडग्यासारखी कोरडी रचलेली भिंत दिसायला सुरेख, पण ज्या फटीपाशी माणूस हात टेकवतो त्याच फटीत फुरसं बसतं.

पुढची जोत्याची कड ४० सेंटिमीटर उंच ठेवली की तोच दुसरा बाक होतो, आणखी आठ जणांचा. मधे फक्त सव्वा मीटर रुंदीच्या दोन पायऱ्या, स्ट्रेचर आत नेता येईल अशा.

छपराला फिका राखाडी, न चमकणारा रंग द्या. दुरून डोंगरात तो मिसळून जातो. पण वाटेकडच्या खांबाला वीतभर रुंद भगवा पट्टा मारा. धुक्यात वीस पावलांपुढे काही दिसत नाही, आणि हिरवा रंगवलेला निवारा चुकवून लोक पुढे निघून गेलेले मला माहीत आहेत.

वीज

साध्या उघड्या निवाऱ्याने विजेपासून रक्षण होत नाही. हे स्पष्ट शब्दांत पाटीवर लिहा. छप्पर, वासे, खांब सगळे एकमेकांना धातूने जोडा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून पट्टी खाली आणा आणि जिथे खरी माती आहे तिथपर्यंत ती चरातून न्या. कातळात अर्थिंग होत नाही. दहा फुटांवर मातीचा खळगा नसेल तर पन्नास फुटांवर शोधा. जाणकाराकडून मोजून १० ओहमच्या आत आणा. तरीही खांबाला टेकून उभं राहू नये, मधे पाय जुळवून बसावं, ही ओळ पाटीवर राहू द्या.

काम कधी आणि कोणी

सगळं डोक्यावरून वर जातं. एका खेपेला २५ किलो, त्याहून जास्त कोणाला देऊ नका. सिमेंटचं पोतं खालीच दोन भागांत करा. माझ्या अनुभवात असा निवारा तीसएक पोती सिमेंट खातो, पण खरं ओझं वाळूचं असतं. सात-आठ टन, म्हणजे तीनशे खेपा. निवारा लहान ठेवा असं मी म्हणते, तेव्हा त्या तीनशे खेपा घालणारी माणसंही माझ्या डोळ्यांसमोर असतात. मजुरी खेपेवर ठरवली की माणसं धावतात आणि पडतात, म्हणून रोजावर ठरवा. पत्रे आठ फुटांहून लांब नेऊ नका आणि उजाडताच न्या. नऊनंतर धारेवर वारा सुटला की पत्रा माणसाला घेऊन फिरतो. लांब पाख दोन तुकड्यांत करा, वीतभर चढवून.

कार्तिकात खणायला सुरुवात करा. काँक्रीट जानेवारीच्या आत उरका, कारण त्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट राहिलं पाहिजे आणि फेब्रुवारीनंतर वरचे झरे आटतात. मार्चअखेर पत्रे चढलेले हवेत.

कचऱ्याचा डबा ठेवू नका, तो वानरांसाठी ताट होतो. दिवा नको, टाकी नको, दार नको.

आणि बांधतानाच देखभालीचं ठरवून टाका. खालच्या वाडीतल्या दोन जणांच्या हाती १९ नंबरचा पाना, मूठभर बोल्ट, वायसरची पिशवी आणि वर्षाला चार दिवसांचा रोज. दोन दिवस वैशाखात, दोन दिवस दसऱ्यानंतर. प्रत्येक नट घट्ट बसल्यावर नट आणि पाइप यांच्यावरून रंगाची एकच रेघ ओढायची. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय हे खाली उभं राहूनच कळतं. पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांपासून सुरुवात करायला सांगा. माझ्याकडे रेघा तुटतात त्या आधी तिथेच.